नाद खुळा, नेम भारी!

*बाजारात मिळत नाही? मग घरीच करूया की! काँप्युटर गेमसाठी आर्केडसारखी बंदूक बनवायचा आमचा तीन महिन्यांचा खटाटोप... आणि त्यात देवाच्या समईपासून उद्यमनगरातल्या लेथपर्यंत कोण कोण मधे आलं, त्याची ही गोष्ट.*

रंकाळ्यावर फुगे फोडायची बंदूक एकदाही हातात धरली नाही, असा कोल्हापूरकर शोधून दाखवा! नळी किंचित वाकडी, घोडा ढिला, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कुणाच्या तरी घामाने गुळगुळीत झालेला. नेम धरायचा लाल फुग्यावर, फुटायचा निळा. आणि तरी आपण बरोबरच्या मंडळींकडे अशा काही ऐटीत बघायचं, की जणू आपल्याला निळाच फोडायचा होता.

नेमबाजी या गावाच्या अंगातच आहे, राव. तेजस्विनी सावंत इथली. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा असं करणारी ती पहिली भारतीय महिला होती. राही सरनोबत इथली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ४५१.४ गुण करून ऑलिंपिक ब्राँझ आणलं, तेव्हा आमच्या ऑफिसात एकही फाइल हलली नव्हती. सगळे मोबाइलला चिकटलेले.

माझी स्वतःची मजल मात्र एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलपर्यंतच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कॅम्पमध्ये पाच गोळ्या मिळाल्या आणि पाचही इतक्या जवळ जवळ बसल्या, की उस्तादांनी कागद दोनदा उलटून बघितला. घरी येऊन मी एकदाच म्हटलं, "आण्णा, मी रेंजवर जाऊ का शिकायला?" आण्णा दोन-चार ठिकाणी चौकशी करून आले. रायफल, जॅकेट, गोळ्या... किती आकडा निघाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विषय संपला. पुढं बी.कॉम., मग नोकरी, मग शाहूपुरीतलं ऑफिस आणि महिनाअखेरचं रिकन्सिलिएशन!

जुनी बंदूक मुकी का झाली?

तर झालं असं. दिवाळीत माळा आवरताना एक खोकं सापडलं. आत टीव्हीला लावायचा जुना व्हिडिओ गेम, दोन रिमोट, कॅसेट आणि एक प्लॅस्टिकची बंदूक. आठवतंय? बदकं उडायची, आपण ठो करायचं, आणि नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन खी खी करून हसायचा. त्या कुत्र्याला गोळी घालायची इच्छा झाली नाही असं मूल आमच्या पिढीत जन्मलंच नाही.

सगळं जोडलं. गेम चालू झाला. बदकं उडाली. गोळी मात्र एकही लागेना! मान्य आहे की ऑफिसच्या खुर्चीत बसून नेम बिघडला असेल, पण टीव्हीला नळी टेकवूनसुद्धा बदक उडतंच राहिलं. कुत्रा हसतोय तो हसतोयच.

मग शोधाशोध केली आणि फंडा कळला. ही बंदूक काही सोडतच नाही हो! ती फक्त बघते. तिच्या नळीत एक प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. आपण घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन उमटवतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक मेलं. हे सगळं इतक्या झटकन होतं, की आपल्याला फक्त एक चमक जाणवते. (लहानपणी आम्ही हुशारी करून बल्बकडे नेम धरायचो. त्यावरचा उपाय मूळ बंदूक करणाऱ्या निन्टेन्डोनं १९८४ मध्येच विचारात घेतला होता. आधी काळं दिसलंच पाहिजे, ही अट त्याचसाठी.)

पार्लरमधल्या मोठ्या बंदुका याहून हुशार. जुन्या डबा टीव्हीत एक किरण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ओळीमागून ओळ रंगवत खाली यायचा. आपल्याकडच्या टीव्हीत ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका ओळीला फक्त ६४ मायक्रोसेकंद. बंदुकीला तो किरण कोणत्या क्षणी दिसला, एवढं घड्याळ लावून मोजलं की नेम पडद्यावर नेमका कुठं होता ते कळतं. 'व्हर्चुआ कॉप', 'टाइम क्रायसिस' ही सगळी घड्याळाचीच करामत.

आता आपल्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीत तो किरणच नाही. मागचा लाइट सतत चालू आणि चित्रही आतल्या आत प्रोसेस होऊन थोडं उशिरा येतं. बंदूक बिचारी किरणाची वाट बघत बसते. म्हणजे बंदूक बिघडली नव्हती. तिला बघायला काही उरलंच नव्हतं.

परदेशात यावर तयार उपाय मिळतात. सिंडेन नावाच्या बंदुकीत कॅमेराच असतो आणि तो पडद्याभोवतीची पांढरी चौकट ओळखतो. पण मागवायची, कस्टम भरायचं, महिनाभर थांबायचं... शिवाय कोल्हापुरात राहून तयार वस्तू विकत घ्यायची? विलायती कॅमेऱ्यावाचून अडून न बसता बाबूराव पेंटरांनी याच गावात मूव्ही कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपण काय एक खेळण्यातली बंदूक करू शकत नाही?

पहिला बार फुसका, दुसऱ्यात समई!

सुरुवात मी सगळ्यात सोप्या रस्त्यानं केली. जायरोस्कोपचं एक टिकलीएवढं मॉड्यूल मिळतं. ते बसवलं प्रो मायक्रो नावाच्या छोट्या बोर्डवर. या बोर्डाची गंमत म्हणजे यूएसबीला लावला की काँप्युटरला तो सरळ माउसच वाटतो, कसलाही ड्रायव्हर नको. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात दोन्ही कोंबले, जुन्या माउसचं बटण घोड्याला लावलं. रविवारी दुपारी 'हाऊस ऑफ द डेड' चालू केला. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं माउसनं खेळायचो तोच.

पहिली पाच मिनिटं... सॉलिड! मग गोळ्या हळूहळू डावीकडे सरकायला लागल्या. झाँबी समोर, गोळी खिडकीत. कारण जायरोला आपण कुठं बघतोय हे कळतच नाही. किती वेगानं वळलो तेवढंच कळतं, आणि त्यावरून तो जागेचा अंदाज बांधत जातो. प्रत्येक अंदाजात केसाएवढी चूक. चुका साठत जातात. माझ्या बॅलन्सशीटसारखंच! दर पाच मिनिटांनी बंदूक मधे आणून शून्य करायची, तोवर झाँबी आपल्याला खाऊन मोकळा.

दुसरा रस्ता जास्त पक्का आहे, आणि तुमचा हॉल मोठा असेल तर मी तोच सुचवीन. २००६ साली निन्टेन्डोच्या 'वी' नं हा गाजवला. पडद्याच्या चार कोपऱ्यांना इन्फ्रारेड एलईडी लावायचे आणि बंदुकीच्या तोंडाशी ते बघणारा छोटा कॅमेरा. चार ठिपके कॅमेऱ्यात कुठं दिसतात त्यावरून नळी कुठं रोखली आहे याचा हिशेब बोर्ड करतो. एलईडीला मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट चालतात. प्रत्येक कोपऱ्यावर दोन एलईडी एकापुढे एक आणि त्यांच्याबरोबर ५६ ओहमचा रेझिस्टर, एवढंच. साध्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसतो. दिसला नाही तर बहुधा एलईडी उलटा लावलाय!

हे जमलं. अगदी झक्कास जमलं. पण दोन भानगडी झाल्या. पहिली, या कॅमेऱ्याची नजर अरुंद, आडवी साधारण ३३ अंशच. आमचा ४३ इंची टीव्ही जवळजवळ तीन फूट रुंद. कुठल्याही कोपऱ्यावर नेम धरला तरी चारही ठिपके दिसायला हवेत, तर साडेदहा फूट मागे उभं राहावं लागतं. आमचा हॉल अकरा फुटांचा आणि मधे सोफा. म्हणजे पाठ भिंतीला लावून, सोफ्यावर उभं राहून झाँबी मारायचे.

दुसरी भानगड संध्याकाळी सात वाजता व्हायची. बरोबर सातला नेम वेड्यासारखा उड्या मारायला लागायचा. तीन दिवस मी प्रोग्रॅम तपासतेय. चौथ्या दिवशी सहज बाजूला बघितलं. टीव्हीच्या शेजारच्या कोनाड्यात आमचे देव, आणि आईनं समई लावलेली. ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर निघतं. कॅमेऱ्याला तो पाचवा ठिपका! वी खेळणारे लोक एलईडीऐवजी दोन मेणबत्त्या लावून खेळायचे, हे मी वाचलं होतं, पण डोक्यात आलं नाही.

"आई, खेळताना अर्धा तास समई विझवतो गं." (होय, कोल्हापूरच्या आम्ही पोरी 'मी विझवतो', 'मी जातो' असंच बोलतो. पुण्यात गेलं की लोक वळून बघतात.)

आई काही बोलली नाही. फक्त बघितलं. एलईडी त्याच रात्री काढले.

"प्ले किती चालंल?"

इथं गोष्टीत आण्णा येतात. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात चौतीस वर्षं टर्नर. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या मालकांनी काम बंद केलं आणि आण्णा घरी बसले. बसले म्हणजे खरंच बसले. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरी. ज्या माणसाच्या बोटाला हजारात एका इंचाचा फरक कळतो, तो रिमोटची बटणं दाबत बसलेला. आमच्यात बोलणंही बेताचंच. मी दिवसभर काँप्युटरसमोर काय करते हे त्यांना कळत नाही आणि ते मला विचारत नाहीत.

तीन आठवडे ते माझा पसारा लांबून बघत होते. त्या रात्री एलईडी काढताना पहिल्यांदा म्हणाले, "काय गं, खुळे, हलली तर बंदूकच हलत्याय न्हवं? मग टीव्हीला कशाला काय चिकटवतीस? बंदुकीलाच विचार की कुठं वळलीस म्हणून."

मी हसले. मग हसायचं थांबले. कारण हे असंच आधी कुणीतरी केलेलं होतं! १९८७ चा टायटोचा 'ऑपरेशन वुल्फ' गेम. त्याच्या पार्लरमधल्या मशीनला स्टँडवर बसवलेली मशिनगन होती. तिच्यात ना सेन्सर, ना कॅमेरा. बंदूक डावी-उजवी आणि वर-खाली फिरली की खाली बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर फिरायचे. पोटेन्शिओमीटर म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण ज्याच्यावर बसतं तो भाग. दुकानात 'व्हॉल्यूम कंट्रोल' म्हणून मागितलात तरी मिळेल. किरण नको, ठिपके नकोत, समईला धक्का नाही. टीव्ही कुठलाही असू दे, अंतर कितीही असू दे.

"स्टँड तेवढा लागंल," मी म्हटलं.

"मग?" आण्णा उठले सुद्धा! कपाटातून जुना मायक्रोमीटर काढला. "प्ले किती चालंल?"

"आण्णा, प्लेसाठीच तर करतोय सगळं!"

"तो प्ले न्हवं." वर्कशॉपच्या भाषेत प्ले म्हणजे दोन भागांतली ढिलाई. मला सांगता येईना. मग दोघांनी बसून हिशेब केला. आमच्या लग्नकार्यातल्या खर्चाखेरीज आम्ही दोघांनी मिळून केलेला हा पहिलाच हिशेब असावा. पॉट पूर्ण फिरला तर साधारण ३०० अंश, आणि बोर्ड त्याचे १०२४ भाग करतो. पण बंदूक आडवी फिरणार फक्त ६० अंश. म्हणजे हाती लागतात जेमतेम २०५ पायऱ्या. पडदा १९२० पिक्सेलचा. म्हणजे बंदूक कितीही हळू फिरवा, नेम नऊ-नऊ पिक्सेलच्या उड्या मारणार. लांबच्या झाँबीचं डोकंच तेवढं असतं!

यावर माझं उत्तर होतं जास्त बारीक मोजणारं नवं मॉड्यूल. आण्णांचं उत्तर होतं गिअर. "एकास चार लाव. बंदूक साठ अंश, तर तुझा पॉट दोनशे चाळीस." उड्या नवावरून थेट दोन-सव्वादोन पिक्सेलवर. माळ्यावर मेलेला इंकजेट प्रिंटर पडला होताच, त्यातून प्लॅस्टिकचे गिअर निघाले. त्यातल्या ढिलाईला उपाय म्हणून त्याच प्रिंटरची स्प्रिंग. दात कायम एका बाजूला दाबून राहतात, मग प्ले राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर! दोन वर्षांनी. जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये लेथ रिकामी असेल तेव्हा काम. आडव्या फिरण्यासाठी दोन ६२०२ बेअरिंग, वर-खाली होण्यासाठी शाफ्ट आणि बुश. खाली बिडाचा जड बेस, म्हणजे जोरात खेचलं तरी टीपॉयवरून हलू नये. मूठ करून दिली ओळखीच्या पॅटर्नमेकरनं, फौंड्रीच्या पॅटर्नमधून उरलेल्या सागवानाची. धातू थंड होताना आकसतो म्हणून हे लोक सवयीनं सगळं थोडं मोठं करतात. त्यानं सरळ चेहऱ्यानं विचारलं, "श्रिंकेज किती धरू?" आण्णा म्हणे दोन दिवस त्यावर हसत होते. मी मात्र त्यांना घरी येऊन ऑफिसातली गंमत सांगताना पहिल्यांदाच ऐकत होते.

माझ्याकडे प्रोग्रॅम. इथं दोन खड्डे आहेत, करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एक, बोर्डासोबत येणारी माउसची लायब्ररी 'इतकं सरक' एवढंच सांगते. आपल्याला 'पडद्यावर या जागी जा' असं सांगणारी लायब्ररी लागते, ॲब्सोल्यूट म्हणतात तिला. नाहीतर जायरोचंच रडगाणं पुन्हा. दोन, घोड्याचं बटण. एकदा दाबलं तरी आतली पट्टी थरथरते आणि काँप्युटरला तीन गोळ्या ऐकू येतात. पहिल्या क्लिकनंतर २० मिलिसेकंद कान बंद ठेवायला बोर्डाला सांगा. सुरुवातीला वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा नेमात धरून एकेकदा घोडा दाबायचा, बोर्ड ते लक्षात ठेवतो. पॉटचे आकडे सतत थोडे हलतात, म्हणून आठ वेळा वाचून सरासरी घ्यायची. जास्त घेतलीत तर बंदूक सुस्त होते.

गोळी सुटल्यावर झटका बसावा म्हणून सोलेनॉइडही लावून बघितला. खट् करून मस्त दणका देतो, पण बंद होताना उलटा करंट मारतो. त्याच्यावर उलटा डायोड लावला नव्हता, माझा एक बोर्ड त्यात गेला. साडेपाचशे रुपये! बोर्ड, पॉट, वायरी वगैरे सगळं धरून (मेलेल्या बोर्डासकट) दोन हजारांच्या आत बसलं. लेथचं काम चहावर.

आणि हो, नळीचं तोंड आम्ही भगभगीत नारिंगी रंगवलंय. अमेरिकेत खऱ्या आणि खेळण्यातल्या बंदुकीत घोटाळा होऊ नये म्हणून नियम आले, तेव्हा निन्टेन्डोनंही आपली करडी बंदूक नारिंगी केली होती. ऑफिसातल्या एकानं "स्कूटरवर मागे धरून मिरजकर तिकटीपर्यंत चक्कर मारू या का?" असं विचारलं. असलं काही करायचं नाही, मर्दांनो! बंदूक हलवायची तर खोक्यात घालून.

शनिवार रात्र

उद्घाटनाला ऑफिसातले चौघं आले. रात्री अकरापर्यंत नुसता दंगा. ज्याला एक्सेलमध्ये सेल सापडत नाही त्याचा नेम सगळ्यात भारी निघाला. समई शेजारी शांत तेवत होती.

सगळे गेल्यावर आण्णा म्हणाले, "बघू, मलाबी."

उभे राहिले ते लेथसमोर उभे राहतात तसे, पाय रोवून. घोडा असा खचकन ओढायचे की बंदूक खाली. पाच गोळ्या, एकही नाही.

"आण्णा, ओढू नका. श्वास अर्धा सोडा, थांबवा, आणि बोट हळूहळू दाबत जा. कधी सुटली ते तुमचं तुम्हाला कळायला नको."

सहावी लागली. सातवी लागली.

"हे कुठं शिकलीस गं?"

"एनसीसीत. पहिल्या वर्षाला."

आण्णांनी पडद्यावरची नजर काढली नाही. जरा वेळानं म्हणाले, "त्या वक्ताला..."

"आण्णा, गोळ्या संपल्या. भरा."

त्यांनी भरल्या. अकराव्या मिनिटाला पहिला बॉस आला आणि त्यानं आण्णांना चार सेकंदांत उडवलं. आण्णांनी बंदूक वर-खाली करून बघितली, कान जवळ नेला. "वर जाताना अडकत्याय," म्हणाले, आणि झोपायला गेले.

रविवारी मी दहाला उठले, तर टीपॉयवर नुसता बेस. बंदूक नाही, स्प्रिंग नाही, कपाटातला मायक्रोमीटर नाही.

"आण्णा कुठं गेले गं?"

"उद्यमनगरात," आई म्हणाली. "रविवार असला तरी शटर अर्धं उघडायला लावतो म्हणाले. आणि तुला विचारायला सांगितलंय, दुसरी बंदूक पण करायची न्हवं? दोघांनी मिळून खेळता येतं म्हणं त्यात."